दुकानात नीट चालतो, घरी आणला की हँग होतो

कॉम्प्युटर वारंवार हँग होतो म्हणून दुकानात टाकला. त्यांनी फॉरमॅट मारून दिला. थोडे दिवस बरा चालला आणि परत तेच. पुन्हा उचलून नेला तर म्हणाले, ‘आमच्याकडे रात्रभर चालू होता, एकदाही हँग झाला नाही.’ ठाण्यापासून वाशीपर्यंतच्या पट्ट्यात घरोघरी जाऊन डेस्कटॉप दुरुस्त करताना मला सगळ्यात जास्त ऐकू येते ती ही तक्रार.

यात बहुतेक वेळा दुकानदार खोटं बोलत नसतो आणि गिऱ्हाईकही नाही. दुकानात कॅबिनेट टेबलावर उघडं पडलेलं असतं, डोक्यावर पंखा असतो, विजेचा बोर्ड वेगळा, मॉनिटर वेगळा, मागे फक्त कीबोर्ड-माउस जोडलेला. घरी तोच कॉम्प्युटर टेबलाच्या कप्प्यात कोंबलेला, मागे लगेच भिंत, जुना यूपीएस, प्रिंटर, स्पीकर, राउटर, सगळं एकाच एक्स्टेंशनवर. दुकानात जातो तो अर्धाच कॉम्प्युटर, उरलेला अर्धा घरीच राहतो. म्हणून हँगचं निदान जिथे हँग होतो तिथेच, जोडलेलं काहीही न हलवता सुरू करायला हवं. आणि काहीही बदलण्याआधी, विकत आणण्याआधी तो नेमका कसा आणि कधी हँग होतो हे पाहायला हवं.

फॉरमॅटबद्दल आधीच सांगून टाकतो. फॉरमॅट हे निदान नव्हे. नवीन विंडोजमध्ये सुरुवातीला प्रोग्रॅम कमी असतात, डिस्कवर भार कमी पडतो, फायली डिस्कच्या दुसऱ्या जागी लिहिल्या जातात, म्हणून काही दिवस फरक पडल्यासारखा वाटतो. बिघाड हार्डवेअरमध्ये असेल तर तो जागच्या जागी असतो, आणि मधल्या मधे घरच्यांचे फोटो, हिशेब, मुलांचे प्रोजेक्ट उडालेले असतात. हँग होणाऱ्या कॉम्प्युटरवर करायचं पहिलं काम एकच: तो चालतोय तोवर महत्त्वाच्या फायली बाहेरच्या हार्डडिस्कवर किंवा पेनड्राइव्हवर काढून घ्या. बाकी सगळं त्यानंतर.

हँग कसा होतो ते बघा

‘हँग होतो’ या एका वाक्यात चार-पाच वेगवेगळे आजार दडलेले असतात. पुढच्या वेळी हँग झाला की लगेच पॉवरचं बटण दाबून धरू नका. कीबोर्डवरचं नम लॉक दाबा. दिवा लागतो-विझतो का? लागत असेल तर प्रोसेसर जिवंत आहे, काहीतरी अडकलंय एवढंच. दिवा ढिम्म हलत नसेल, माउस थिजलेला असेल, गाणं चालू होतं तिथे एकच सूर ‘गर्रर्र’ करत अडकला असेल, तर सगळी यंत्रणाच थांबली आहे. अशा पूर्ण थिजण्यामागे बहुतेकदा रॅम, एसएमपीएस (कॅबिनेटमधला, सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा), मदरबोर्ड (सगळे भाग ज्यावर बसतात तो मुख्य बोर्ड) किंवा प्रोसेसर असतो.

माउस फिरतो, पण कशावरही क्लिक केलं की काही उघडत नाही, कॅबिनेटवरचा डिस्कचा लाल दिवा सतत पेटून राहिलाय, आणि मिनिटभराने एकदम सगळं धडाधड उघडतं, तर संशय डिस्कवर. हार्डडिस्क खराब झालेली जागा पुन्हा पुन्हा वाचायचा प्रयत्न करत बसते आणि विंडोज तिच्या उत्तराची वाट बघत बसतं.

स्क्रीन काळी झाली किंवा चित्र तिथेच थांबलं, पण आवाज व्यवस्थित पुढे चालू आहे, तर ग्राफिक्स कार्ड किंवा त्याचा ड्रायव्हर. इथे विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चारही बटणं एकदम दाबा. विंडोज ग्राफिक्सचा ड्रायव्हर नव्याने सुरू करतं, स्क्रीन एकदा लुकलुकते, आणि तेवढ्याने चित्र परत आलं तर दिशा नक्की झाली.

आणि एक जुनी, खात्रीची युक्ती. घरात वायफाय असेल तर त्याच नेटवर्कवरच्या दुसऱ्या कॉम्प्युटरवरून किंवा मोबाइलवरच्या एखाद्या अॅपवरून या कॉम्प्युटरला पिंग करायला, म्हणजे ‘आहेस का?’ अशी नेटवर्कवरून हाक मारायला शिका. चालू असताना उत्तर येतं ना, ते आधी बघून ठेवा, कारण विंडोजचा फायरवॉल कधी कधी पिंग अडवतो. मग हँग झाल्यावर बघा. उत्तर येत राहिलं तर आतली यंत्रणा चालू आहे आणि फक्त पडदा गेलाय.

वेळ लिहून ठेवा. फ्रिजला चिकटवलेल्या कागदावर लिहिलं तरी चालेल: किती वाजता, काय चालू होतं, किती वेळ चालू राहिल्यावर, घरात त्या क्षणी दुसरं काय सुरू झालं. मिक्सर, पाण्याचा पंप, एसी, प्रिंटर, लिफ्ट, जे असेल ते. या कागदाने माझं जेवढं काम वाचवलं आहे तेवढं कुठल्याच सॉफ्टवेअरने नाही.

विंडोज स्वतः काय लिहून ठेवतं

स्टार्टमध्ये ‘रिलायबिलिटी’ एवढं टाइप केलं की रिलायबिलिटी हिस्टरी उघडते. तारखेनुसार लाल फुल्या दिसतात. त्याहून खोलात जायचं तर इव्हेंट व्ह्यूअर उघडून विंडोज लॉग्जमधलं सिस्टिम बघा.

तिथे बहुतेक लोक ‘कर्नल-पॉवर ४१’ बघतात आणि थेट एसएमपीएस बदलतात. ४१ चा अर्थ फक्त इतकाच की मागच्या वेळी कॉम्प्युटर नीट शटडाउन न होता बंद झाला. तुम्ही वैतागून बटण दाबून धरलंत तरी तीच नोंद पडते. तो हँगचा परिणाम आहे, कारण नव्हे. बघायचं ते त्याच्या आधीच्या काही मिनिटांत. तिथे ‘डिस्क’ नावाने ७, ५१ किंवा १५३ क्रमांकाच्या नोंदी असतील, किंवा स्टोरेज कंट्रोलरची १२९ असेल, तर डिस्क, तिची केबल किंवा पोर्ट. ‘डिस्प्ले ४१०१’ असेल तर ग्राफिक्सच्या ड्रायव्हरने उत्तर देणं थांबवलं होतं. ‘व्हिया-लॉगर’ नावाने १८ किंवा १९ असेल तर प्रोसेसरने स्वतःच हार्डवेअरमधली चूक पकडून नोंदवली आहे. १९ म्हणजे चूक दुरुस्त करून पुढे गेला, १८ म्हणजे दुरुस्त करता आली नाही. आणि ४१ च्या आधी काहीच नसेल, सगळं स्वच्छ असेल, तर तेही सांगणंच आहे: यंत्रणा इतकी अचानक थांबली की लिहायलाही सवड मिळाली नाही. मग वीज, रॅम, बोर्ड.

हार्डवेअर की सॉफ्टवेअर, हा वाद संपवायचा सोपा मार्ग म्हणजे उबुंटूचा (विंडोजऐवजी चालणाऱ्या एका फुकट सिस्टिमचा) पेनड्राइव्ह. त्यावरून कॉम्प्युटर सुरू करायचा, काही इन्स्टॉल करायचं नाही, ‘ट्राय’ निवडायचं आणि दोन-तीन तास व्हिडिओ लावून ठेवायचा. तिथेही थिजला तर विंडोजचा, व्हायरसचा, अँटिव्हायरसचा प्रश्न मिटला. शक्य असेल तर हार्डडिस्कची केबल काढून हीच चाचणी करा, म्हणजे डिस्कही एका फटक्यात यादीतून जाते किंवा पक्की होते.

वीज, आणि कळव्याचा एक कॉम्प्युटर

माझ्या अनुभवात या भागात वीज हा सगळ्यात दुर्लक्षित मुद्दा आहे, म्हणून यावर थोडा वेळ घालवतो.

कळव्याला एक काका घरी डीटीपीचं काम करतात. लग्नपत्रिका, सोसायट्यांच्या नोटिसा, वाढदिवसाचे फलक. त्यांचा कॉम्प्युटर दिवसातून कधीही थिजायचा. दुकानातून विंडोज नवीन टाकून आला, रॅम बदलून आला, तरी तेच. मी विचारलं, ‘काका, हँग होतो तेव्हा तुम्ही काय करत असता?’ म्हणाले, ‘काही नाही रे, साधं टाइप करत असतो.’ आतून काकू म्हणाल्या, ‘प्रिंट काढायला बसले की होतो त्यांचा तो बंद. आमची ट्यूब पण लपकन मंद होते तेव्हा.’

कॉम्प्युटर, मॉनिटर आणि लेझर प्रिंटर, तिन्ही एकाच ६०० व्हीएच्या यूपीएसवर होते. असा यूपीएस साधारण ३६० वॅटपर्यंत भार पेलतो. लेझर प्रिंटरमध्ये शाई कागदावर वितळवून चिकटवणारा रोलर असतो, तो २०० अंशांच्या आसपास तापवावा लागतो, आणि तो तापताना प्रिंटर थोड्या वेळासाठी शेकडो वॅट ओढतो. प्रिंटर झोपेतून जागा झाला की रोलर तापतो आणि लांबलचक काम असेल तर मधे मधेही तापत राहतो. म्हणून काकांना त्याचा प्रिंटशी संबंध लागत नव्हता. त्यांनी प्रिंट दिलेली असायची, ती निघेपर्यंत ते दुसरीकडे टाइप करायला लागलेले असायचे. यूपीएसजवळ कान नेल्यावर आतल्या रिलेचा (मेनवरून बॅटरीवर नेणाऱ्या स्विचचा) ‘टक… टक’ आवाज स्पष्ट ऐकू येत होता. प्रिंटर जागा झाला की टक, आणि त्याच क्षणी पडदा थिजला.

लेझर प्रिंटर यूपीएसवर लावायचाच नाही. तो भिंतीच्या १५ अँपिअरच्या सॉकेटवर गेला. पण गोष्ट तिथे संपली नाही, कारण चांगल्या एसएमपीएसने असा क्षणभराचा धक्का सोसायला हवा. एटीएक्स, म्हणजे डेस्कटॉपच्या नेहमीच्या प्रमाणातल्या एसएमपीएसने वीज गेल्यावर पूर्ण भारालाही साधारण १६ मिलिसेकंद तग धरावा अशी अपेक्षा असते, आणि घरगुती यूपीएस बॅटरीवर जायला त्याहून कमी वेळ घेतो. काकांच्या एसएमपीएसचा पिवळा वायर मल्टिमीटरवर मोजला तर रिकामा असताना १२ व्होल्ट होते, पण एक जड फाइल उघडताच ११.२ वर घसरले. परवानगी ५ टक्क्यांची, म्हणजे ११.४ ते १२.६. एसएमपीएस थकलेला होता. दुकानात प्रिंटरचा धक्का बसत नव्हता, म्हणून तिथे तो रात्रभर बिनतक्रार चालत होता.

हे माप घरी घेता येतं. मल्टिमीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा, एसएमपीएसचा मोकळा असलेला चार पिनांचा जुना कनेक्टर शोधा, काळ्या वायरवर काळी पिन आणि पिवळ्यावर लाल. पिवळ्यावर वर सांगितलेलं माप, लाल वायरवर ४.७५ ते ५.२५. महत्त्वाचं हे की माप कॉम्प्युटर रिकामा बसलेला असताना नाही, काम करत असताना घ्यायचं. आकडा बरोबर आला म्हणजे एसएमपीएस निर्दोष असंही समजू नका. विजेतली बारीक थरथर साध्या मल्टिमीटरवर दिसत नाही, आणि वाळलेले कपॅसिटर (वीज साठवून ती स्थिर ठेवणारे छोटे डबे) नेमके तिथेच कमी पडतात. म्हणून संशय असेल तर ओळखीच्या माणसाकडून चांगल्या कंपनीचा एसएमपीएस एका दिवसासाठी मागून लावणं ही सगळ्यात प्रामाणिक चाचणी.

कॅबिनेटबरोबर फुकट आलेल्या एसएमपीएसवर ४५० वॅट लिहिलेलं असतं. त्यावर विश्वास ठेवू नका. लेबलवर १२ व्होल्टसमोर किती अँपिअर लिहिलेत ते बघा, त्याला १२ ने गुणा, तो आकडा खऱ्याच्या जवळ असतो. आणि एसएमपीएसचा डबा स्वतः कधीही उघडू नका. आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टहून जास्त वीज असते आणि प्लग काढल्यावरही काही काळ टिकते.

यूपीएसच्या बॅटरीकडेही बघा. १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासाची बॅटरी आपल्याकडच्या उकाड्यात दोन-तीन वर्षांत उतरते. घरातला मेन स्वीच नव्हे, फक्त यूपीएसचा प्लग स्वीच बंद करून बघा. कॉम्प्युटर त्याच क्षणी बंद झाला किंवा थिजला तर उत्तर मिळालं. मात्र सगळ्या फायली सेव्ह करूनच. आणि एक दिवस यूपीएस पूर्ण बाजूला ठेवून थेट भिंतीवरून चालवा. अनेक घरांत तेवढ्यानेच हँग थांबतो.

कॅबिनेटला हात लावला की चिमटा बसतो का? बऱ्याच जुन्या इमारतींत बसतो, आणि लोक त्याची सवय करून घेतात. याचा अर्थ त्या सॉकेटला अर्थिंग नाही. एसएमपीएसमधल्या फिल्टरला थोडी गळती वीज अर्थमध्ये सोडायची असते. अर्थ नसेल तर ती कॅबिनेटच्या पत्र्यावर येऊन बसते आणि मीटर लावला तर ११० व्होल्टच्या आसपास दाखवतो. प्रिंटर, स्पीकर, नेटची केबल जोडताना ती त्या वायरींतून वाट काढते आणि पोर्ट जातात. वायरमनला बोलवा आणि न्यूट्रल-अर्थमधला व्होल्टेज मोजायला सांगा. तो दोन-तीन व्होल्टच्या आत असायला हवा. तिसरी पिन तोडून दोन पिनांच्या सॉकेटमध्ये घुसवलेला प्लग दिसला तर तो आजच बदला. हे कॉम्प्युटरपेक्षा घरातल्या माणसांसाठी जास्त महत्त्वाचं आहे.

दमट हवा आणि रॅम

खाडीकाठची हवा. जून ते सप्टेंबर भिंतींना ओल, कपड्यांना वास, आणि कॅबिनेटच्या आत पत्र्यावर गंज. त्यात घोडबंदर रोडला मेट्रोच्या आणि इमारतींच्या बांधकामाची बारीक धूळ. कोरडी धूळ फक्त गरम करते. ओलावा शोषलेली धूळ पिनांमध्ये जाऊन बसते आणि संपर्क बिघडवते. गणपतीला गावाला गेलेलं घर परत येतं आणि आठ-दहा दिवस बंद असलेला कॉम्प्युटर सुरूच होत नाही किंवा सुरू होऊन थिजतो, हे दर वर्षी होतं.

प्लग काढा. मग पॉवरचं बटण दोन-तीनदा दाबा म्हणजे आत उरलेली वीज निघून जाईल. कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावा. रॅम काढा, सोनेरी पिनांवर साधं पांढरं खोडरबर एकाच दिशेने हळू फिरवा, चुरा कोरड्या ब्रशने झटका. आयसोप्रोपिल अल्कोहोल मिळालं तर सुती कापडाला लावून पुसा. स्लॉटमध्ये ब्लोअर मारा, फुंकर मारू नका. फुंकरीत थुंकी आणि ओलावा दोन्ही असतात. रॅम परत लावताना दोन्ही बाजूंच्या खटक्यांचा आवाज आला पाहिजे.

मग चाचणी. विंडोजचं मेमरी डायग्नोस्टिक चालेल, पण ते वरवरचं आहे. पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट८६ किंवा मेमटेस्ट८६+ रात्रभर लावा. एकही चूक आली तर ती रॅम नापास, ‘एकच तर आहे’ असं नाही. पण नापास म्हणजे रॅमच खराब, असंही नाही, स्लॉटही असू शकतो. दोन रॅम असतील तर पहिली एका स्लॉटमध्ये लावून तपासा, मग त्याच स्लॉटमध्ये दुसरी. एक पास आणि एक नापास झाली तर रॅम. दोन्ही नापास झाल्या तर स्लॉट बदलून बघा. बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) एक्सएमपी चालू केलं असेल तर आधी ते बंद करून तपासा. एक्सएमपी म्हणजे रॅमला ठरलेल्या वेगाहून पुढे पळवणं, आणि प्रत्येक बोर्डाला ते झेपतंच असं नाही. वेगळ्या कंपन्यांच्या, वेगळ्या वेगाच्या दोन रॅम एकत्र लावून चालवणाऱ्या घरांत मी हँग फार बघतो.

डिस्क

क्रिस्टलडिस्कइन्फो हे डिस्कची तब्येत दाखवणारं फुकट सॉफ्टवेअर टाकून बघा. वर ‘गुड’ लिहिलंय म्हणून लगेच बंद करू नका. खाली ‘रीअलोकेटेड’, ‘करंट पेंडिंग’ आणि ‘अनकरेक्टेबल’ सेक्टरच्या (डिस्कवरच्या छोट्या कप्प्यांच्या) ओळी असतात. पेंडिंग सेक्टर शून्याहून जास्त असतील तर डिस्क वाचताना अडखळते आहे आणि थिजण्याचं तेच कारण असू शकतं. हा आकडा आठवड्यात वाढला तर डिस्क चालली समजा. अशा डिस्कवर दुरुस्तीच्या आशेने विंडोजच्या चेकडिस्कची पूर्ण तपासणी लावू नका. ती तासन्‌तास प्रत्येक सेक्टर घासत बसते आणि मरणाऱ्या डिस्कला त्याच कामात संपवते. आधी फायली काढा.

‘सीआरसी एरर’ची ओळ वेगळी गोष्ट सांगते. तो आकडा वाढत असेल तर डिस्क चांगली असू शकते, दोष साटा केबलचा, म्हणजे डिस्क मदरबोर्डला जोडणाऱ्या केबलचा. केबल बदला, मदरबोर्डवरचा पोर्ट बदला. जुना आकडा कमी होत नाही, तो तसाच राहतो. नवीन केबलनंतर पुढे वाढत नाही ना, एवढंच बघायचं. ही केबल अगदी स्वस्तात मिळते आणि तिच्यामुळे चांगल्या डिस्का भंगारात गेलेल्या मी पाहिल्या आहेत. एसएसडी असेल तर ती काठोकाठ भरू देऊ नका, दहा-पंधरा टक्के जागा मोकळी ठेवा, आणि कंपनीच्या सॉफ्टवेअरमधून फर्मवेअर अद्ययावत करून घ्या.

गरमी

इथे एक गैरसमज आहे. आजकालचा प्रोसेसर तापला म्हणून लगेच थिजत नाही. ९५ ते १०० अंशांच्या आसपास तो स्वतःचा वेग कमी करतो, कॉम्प्युटर रेंगाळतो, आणि तरीही तापत राहिला तर एकदम बंद होतो. रेंगाळणं आणि बंद पडणं ही तापाची लक्षणं. पूर्ण थिजणं हे बहुतेकदा दुसऱ्याचं. तरी एचडब्ल्यूइन्फो या सॉफ्टवेअरमध्ये तापमान बघाच. आपल्याकडे मे महिन्यात खोलीतच ३३-३४ अंश असतात, तेव्हा रिकाम्या कॉम्प्युटरचे ४५-५० आणि कामात ८५ पर्यंत मला खटकत नाहीत.

टेबलाच्या बंद कप्प्यातून कॅबिनेट बाहेर काढा, झाकण उघडून समोर टेबल फॅन लावा आणि एक दिवस चालवा. हँग थांबला तर गरमीचं उत्तर मिळालं, मग ती प्रोसेसरची असो, ग्राफिक्स कार्डची किंवा बोर्डवरच्या वीज पुरवणाऱ्या भागांची. इंटेलच्या कूलरला चार प्लास्टिकच्या खुंट्या असतात. स्कूटरच्या फूटबोर्डवर किंवा रिक्षातून खड्ड्यांतून नेताना त्यातली एखादी सुटते. दुकानातून आल्यावर बिघाड वाढला असेल तर आधी तिथे हात लावा. थर्मल पेस्ट (प्रोसेसर आणि कूलरमधला उष्णता नेणारा लेप) बदलताना एएमडीच्या एएम४ सॉकेटवाल्यांनी जपायचं: कूलर सरळ वर ओढला तर सुकलेल्या पेस्टला चिकटून प्रोसेसर सॉकेटमधून उपटून येतो आणि पिना वाकतात. कॉम्प्युटर थोडा वेळ चालवून गरम करा, बंद करून कूलर हलके पिळत सोडवा. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरा.

काही न करताना थिजतो

हा प्रकार गोंधळात टाकणारा आहे. गेम खेळताना, व्हिडिओ करताना काही होत नाही, पण चहाला उठून परत आलो की थिजलेला. प्रोसेसर रिकामा बसला की फार कमी वीज ओढायला लागतो, आणि तेवढी कमी वीज स्थिर देणं सगळ्या एसएमपीएसना जमत नाही. इंटेलच्या २०१३ च्या हॅसवेल प्रोसेसरपासून हा प्रश्न उघड झाला. खोल झोपेत तो १२ व्होल्टवर फक्त ०.०५ अँपिअर ओढू शकत होता. एएमडीच्या रायझन प्रोसेसरच्या सुरुवातीच्या पिढ्यांमध्येही रिकामं असताना थिजण्याच्या तक्रारी होत्या, आणि त्यासाठी बायोसमध्ये ‘पॉवर सप्लाय आयडल कंट्रोल’ ही सोय आली. ती ‘टिपिकल करंट आयडल’वर ठेवून बघा. त्याबरोबर विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये लिंक स्टेट पॉवर मॅनेजमेंट बंद करून बघा.

रायझनवर दर थोड्या वेळाने क्षण-दोन क्षण अडखळून परत चालू होणं हा वेगळा दोष. एफटीपीएम या सुरक्षेच्या सोयीमुळे असं होतं हे एएमडीने मार्च २०२२ मध्ये स्वतः मान्य केलं. उपाय बायोस अपडेट. तेव्हाचे बोर्ड आजही बऱ्याच घरांत जुन्याच बायोसवर चालू आहेत.

इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीच्या ताकदवान डेस्कटॉप प्रोसेसरवाल्यांनी मात्र रॅम-एसएमपीएसच्या मागे लागण्याआधी बायोस बघावा. जास्त व्होल्टेजमुळे हे प्रोसेसर हळूहळू खराब होत होते; इंटेलने ऑगस्ट २०२४ पासून त्यासाठी मायक्रोकोडचे (बायोस अपडेटमधून येणाऱ्या, प्रोसेसरच्या आतल्या सूचनांचे) सुधार दिले आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. सुधार नवीन बिघाड थांबवतो, झालेला बिघाड भरून काढत नाही. आधीच खराब झालेला प्रोसेसर बदलूनच घ्यावा लागतो. बिल जपून ठेवलं असेल तर कॅबिनेट घेऊन नुसतं हेलपाटे घालण्यापेक्षा थेट वॉरंटीत टाका.

शेवटी मदरबोर्ड

मदरबोर्डला दोष देणं सगळ्यात सोपं आणि सिद्ध करणं सगळ्यात अवघड, म्हणून तो सगळ्यात शेवटी. ग्राफिक्स कार्ड असेल आणि बोर्डवर डिस्प्लेची सोय असेल तर कार्ड काढून चालवा. मग एक रॅम, पंखा, माहितीतला चांगला एसएमपीएस, डिस्कऐवजी उबुंटूचा पेनड्राइव्ह. बाकी सगळं काढलेलं. या अवस्थेतही थिजला आणि रॅम दुसऱ्या कॉम्प्युटरवर पास झाली असेल, तर उरतात बोर्ड आणि प्रोसेसर, आणि त्या दोघांत बोर्ड जाण्याचं प्रमाण कितीतरी जास्त. प्रोसेसरच्या आजूबाजूचे कपॅसिटर बघा. २००० नंतरच्या काही वर्षांतल्या बोर्डांवर त्यांची डोकी फुगून फुटलेली हमखास दिसायची. आजचे सॉलिड (आत द्रव नसलेले) कपॅसिटर तसे फुगत नाहीत, म्हणून नुसतं बघून हे बोर्ड पास करता येत नाहीत. पिना, पट्ट्या यांवर हिरवट-पांढरा थर आला असेल तर तो खाडीच्या हवेचा. तारीख-वेळ मागे जात असेल तर बोर्डवरचा सीआर२०३२ सेल बदला. त्याने हँग थांबेलच असं नाही, पण तो गेला की बायोसची सगळी सेटिंग पुसली जातात आणि तुमची वरची सगळी मेहनत वाया जाते.

बोर्ड गेला असेल आणि प्रोसेसर आठ-दहा वर्षांपूर्वीचा असेल, तर त्याच पिढीचा बोर्ड शोधत मुंबईतला लॅमिंग्टन रोडचा कॉम्प्युटर बाजार पालथा घालण्यात अर्थ नाही. मिळतो तो बहुतेकदा दुरुस्त केलेला किंवा नाव नसलेला. ते पैसे नवीन बोर्ड, प्रोसेसर आणि रॅमकडे वळवा. कॅबिनेट, डिस्क, मॉनिटर आणि नुकताच घेतलेला चांगला एसएमपीएस तसाच वापरता येतो.

आणि दुकानात द्यावाच लागला तर तो कागद बरोबर द्या: केव्हा थिजतो, नम लॉक चालतो की नाही, पिवळ्या वायरचा आकडा, मेमटेस्टचा निकाल, डिस्कच्या त्या तीन ओळी. प्रिंटर आणि यूपीएसही सोबत न्या. झाकण बंद करून, घरी चालतो तसाच चालवून बघा, असं स्पष्ट सांगा, आणि फॉरमॅट मारण्याआधी फोन करायला सांगा.